झाकणाभोवतीची कणीक

सिंगापूरच्या हौगांगमध्ये डिसेंबरचा पाऊस पुन्हा लागला आहे. हा पाऊस गर्जत येत नाही. दुपारी तीनच्या सुमारास समोरच्या इमारतींचे क्रमांक हळूहळू पुसट होतात, बाराव्या मजल्यावरच्या बांबूच्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे एकापाठोपाठ एक आत ओढले जातात, आणि मग जे सुरू होते ते तीन-तीन दिवस एकाच सुरात चालू राहते. एखाद्या जुन्या दाव्याच्या सुनावणीसारखे. अशा दिवशी माझी मुलगी वंदना कामावरून फोन करते आणि एकच वाक्य बोलते, "बाबा, पोटरी आणा."

मी छत्री घेऊन उतरतो. खालच्या बाजारात, माशांच्या ओल्या फरशीपलीकडे, एका मलय खाटकाचे दुकान आहे. तो मला पाहताच सुरी पुसतो आणि विचारतो, "अंकल, शिन?" जनावराच्या गुडघ्याखालच्या, नडगीभोवतीच्या मांसाला इथे शिन म्हणतात. आमच्या घरात त्याला पोटरी म्हणत आलो आहोत. सगळ्या गोमांसात हा भाग स्वस्त. काचेमागे मांडलेल्या तुकड्यांत तो नेहमी कोपऱ्यात असतो, आणि घाईतले गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहतही नाही.

ह्या मांसाबद्दल मला आदर आहे. हा शब्द मी विचार करून वापरतो. परभणीच्या कोर्टात कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, तेवढ्या काळात विशेषणे जपून वापरण्याची सवय हाडात मुरली. जनावराच्या पाठीचे मांस मऊ असते, कारण पाठीने फारसे काही केलेले नसते. पोटरीने जन्मभर सगळे वजन पेललेले असते. म्हणून ती चिवट. आडवी कापली की तिच्यात पांढुरक्या, अर्धपारदर्शक शिरांची नक्षी दिसते. घाईच्या आचेवर त्या शिरा चामड्यासारख्या आक्रसतात आणि दाताला दाद देत नाहीत. मात्र थोड्या पाण्यात, घट्ट झाकणाखाली, मंद आचेवर तीन-साडेतीन तास दिले, तर त्याच शिरा विरघळून रस्स्याला अशी चकाकी आणतात की ओठाला ओठ चिकटावा. महागड्या तुकड्याला हे कधी जमत नाही. त्याच्याजवळ विरघळण्यासारखे काही नसतेच.

हे मला सुमनने शिकवले. सुमन म्हणजे माझी पत्नी. ती गेली त्याला आता तीन वर्षे होतील.

तिचा स्वयंपाक मी पाहिला तो बहुतेक वेळा पाठमोऱ्याने, कारण माझी जागा दाराशी असे. हे नीट सांगायला हवे.

लग्नानंतर परभणीत आम्हाला मिळालेली पहिली खोली आम्ही अडीच वर्षांत गमावली. मालकाला एका रविवारी आमच्या चुलीवर काय शिजते आहे याचा वास लागला. त्याने आधी जेवणाविषयी विचारले, मग माझ्या गावाविषयी, मग गावात आमचे घर कोणत्या बाजूला आहे याविषयी. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरानंतर त्याने घोटभर पाणीही घेतले नाही. मी त्याला पत्र लिहिले. अस्पृश्यतेविरुद्धचे राज्यघटनेतले कलम उद्धृत केले, भाडेकायद्यातली तरतूद दिली, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवली. पत्र उत्तम होते. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. आठ दिवसांत आमचे सामान रस्त्यावर होते. वंदना तेव्हा दोन महिन्यांची होती. पोचपावती मात्र माझ्याकडे आहे.

दुसरी खोली मिळाली तेव्हा मालकाने तोंडी अट घातली, "मांसमच्छी चालणार नाही." ती अट कायद्यापुढे टिकली असती का, यावर मी आजही चार पाने लिहू शकतो. सुमनने मला लिहू दिले नाही. लेकराला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "अहो, पत्र नको. तुम्ही दार सांभाळा, स्वयंपाकाचं मी बघते."

आणि तिने बघितले! आजही आठवले की मी थक्क होतो. लग्नात मिळालेला प्रेशर कुकर घरात होता, पण ह्या कामाला तिने तो कधी लावला नाही. शिट्टी म्हणजे जाहीर नोटीस. प्रत्येक शिट्टीबरोबर वास अंगणात झेप घेतो आणि सगळ्या वाडीला पुकारा होतो. म्हणून जाड बुडाचे भगुले. मुठीएवढे तुकडे मीठ-हळद लावून तेलात टाकायचे आणि हलवायचे नाहीत; खालची बाजू खरपूस तांबूस होईपर्यंत हात आवरायचा. कांदा विस्तवात काळा होईस्तोवर भाजलेला, खोबरे, लसूण, आणि शेवटी आमच्या मराठवाड्याचा येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे पीठ, जे रस्सा अंगाबरोबर धरून ठेवते. पाणी इतकेच, की तुकड्यांचे खांदे उघडे राहावेत. मग झाकण, आणि झाकणाभोवती कणकेची लांब वळकटी दाबून बसवायची, म्हणजे वाफेचा धागाही सुटू नये. त्यानंतर खिडकी बंद, उंबऱ्याच्या फटीला ओले पोते, आणि कोपऱ्यात लोबान. रविवारची भर दुपार, बंद खोलीत तीन तास ती त्या भगुल्याजवळ बसून असे, आणि दाराशी वर्तमानपत्र उघडून मी.

मालकाच्या मातोश्री तुळशीला पाणी घालायला येत आणि सहज विचारत, "काय बेत आज, कारकूनसाहेब?"

"वरणफळं," मी म्हणत असे.

शेकडो साक्षीदारांना शपथ घेताना मी पाहिले. खोटी साक्ष देणाऱ्यांविषयी मला तिटकारा होता आणि आहे. पण त्या उंबऱ्यावर कित्येक रविवार मी न अडखळता खोटे बोललो, आणि तेही अशा मांसाविषयी, जे उजळ माथ्याने दुकानातून विकत आणलेले, ताजे, स्वच्छ होते. माझ्या वडिलांच्या पिढीने मेलेल्या जनावराचे मांस अभिमानाने सोडले. त्या सोडण्यात ताठ मान होती. आमच्या लपवण्यात ती नव्हती, आणि त्याचा राग माझ्या पोटात कधीच शिजून मऊ झाला नाही.

भगुले उतरले की सुमन वरची कणीक सुरीने तोडत असे. बाहेरून भाजून कडक, आतून रस्सा पिऊन मऊ झालेली ती वळकटी. तिचा पहिला तुकडा माझा असे. "दारावर बसणाऱ्याचा वाटा," असे म्हणून ती तो माझ्या तळहातावर ठेवी.

वंदना पाच-सहा वर्षांची असताना घामाने भिजून विचारू लागली, "आई, खिडकी का लावतेस? किती उकडतं!"

सुमन क्षणभरही थांबली नाही. "वारं लागलं की मटण निबर होतं, बाळा."

किती सुरेख खोटे होते ते! माझे वरणफळांचे खोटे भेकड होते. तिच्या खोट्यात लेकरासाठी अंथरलेली सावली होती. मुलीला त्या वयात कळू नये की आपल्या ताटाची कुणाला शिसारी येते, एवढ्यासाठी तिने वाऱ्याला आरोपी केले. मी ऐकले आणि गप्प राहिलो. पुढे आमचे स्वतःचे घर झाले तरी ती खिडकी लावतच राहिली. नंतर राज्यात बंदीचा कायदा आला आणि आमच्या खाटकाने दुकान बंद केले. तो कायदा मला मान्य नाही, त्याविरुद्ध मी अनेक पत्रे लिहिली, पण तो मोडून एक घासही खाल्ला नाही. म्हशीचे आणता आले असते; सुमनने नको म्हटले. शेवटची काही वर्षे ते भगुले माळ्यावरच राहिले. ती ते न जेवताच गेली.

आता मी ज्या डिसेंबरविषयी सांगू इच्छितो तो दोन वर्षांपूर्वीचा. सुमन जाऊन वर्ष होत आले होते आणि वंदनाने मला इथे आणले होते. ती एका प्रयोगशाळेत संशोधक आहे, जावई जुरोंग ईस्टला नोकरी करतो, आणि त्यांची मुलगी संघमित्रा, आमची मित्रा, तेव्हा चौदा वर्षांची होती. फ्लॅट भाड्याचा. मित्राची शाळा रस्ता ओलांडला की समोर, आणि पुढचे वर्ष तिच्या मोठ्या परीक्षेच्या तयारीचे. फ्लॅटचा करार जानेवारीत संपणार होता. तो पुढे वाढणे ही त्या घरातली त्या महिन्यातली एकमेव गंभीर बाब होती, आणि ती मिसेस लिम ह्या मालकीणबाईंच्या हाती होती.

मी तेव्हा नीट जेवत नव्हतो. एका रविवारी वंदनाने परभणीच्या माळ्यावरून आणलेले तेच जाड बुडाचे भगुले काढले. परभणीचे घर आवरताना तिने ते आपल्या सामानात घातले होते हे मला ठाऊकच नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने तुकडे तेलात टाकले आणि हात मागे घेतला. हलवले नाहीत. कांदा गॅसच्या ज्योतीवर काळा केला. पाणी घालताना वाकून तुकड्यांचे खांदे पाहिले. मी थक्क होऊन पाहत होतो. हे कुणी तिला लिहून दिले नव्हते, समोर बसवून शिकवलेही नव्हते. मूळ दस्त जळून गेल्यावर एखाद्याने तो शब्दन् शब्द तोंडपाठ म्हणून दाखवावा, तसे होते ते. झाकण ठेवून तिने कणकेची वळकटी केली, अंगठ्याने दाबत दाबत कडेभोवती फिरवली.

आणि मग तिने खिडकी लावली.

कॉरिडॉरकडे उघडणारी ती मोठी खिडकी, जिच्याबाहेर थंड पाऊस पडत होता. तिने काच सरकवली, खिटी घातली, शेजारच्या खोलीचे दारही ओढून घेतले. तीन तासांत स्वयंपाकघराच्या भिंतींवरून पाणी ओघळू लागले. वंदनाच्या कपाळावर केस चिकटले होते. मित्रा दार किलकिले करून ओरडली, "ममा, हे सॉना आहे का? विंडो उघड ना!"

"वारं लागलं की निबर होतं," वंदना म्हणाली. तोच स्वर. तीच घाई.

मी पुन्हा गप्प राहिलो. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर त्या महिन्यातला प्रत्येक रविवार पोटरीचा. अशाच एका रविवारी मिसेस लिम नळाची तक्रार पाहायला म्हणून आल्या. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पाठ ताठ, पायांत रबरी चपला. गळ्यात क्वान यिनचे जेडचे पदक. क्वान यिन म्हणजे आपला अवलोकितेश्वरच, इथे स्त्रीरूपात पुजला जातो, आणि तिचे भक्त गोमांसाला शिवत नाहीत, हे मला तोवर कळले होते. त्या स्वयंपाकघरात शिरल्या, थबकल्या, आणि त्यांनी नाक वर करून, डोळे बारीक करून दोनदा हुंगले. तो चेहरा मी ओळखला. चाळीस वर्षांपूर्वी परभणीत पाहिलेला तोच चेहरा! काही न बोलता त्या गेल्या, आणि संध्याकाळी वंदनाच्या फोनवर निरोप आला. त्याचा अर्थ असा: अशा प्रकारे स्वयंपाक चालणार नाही. मी शनिवारी येऊन पाहीन. कराराचे त्यानंतर बोलू.

माझ्या डोक्यात कोर्टाचा पंखा फिरू लागला. वंदनाने परोपरीने समजावले. "बाबा, पाठवू नका काही. मित्राची शाळा आहे. मी बोलेन त्यांच्याशी."

"ह्यात बोलण्यासारखं काय आहे? करारात कुठे लिहिलंय की काय शिजवायचं ते मालक ठरवील? दाखव मला कलम!"

"कलम नाहीच आहे. म्हणूनच म्हणते, शांत राहा."

मित्रा सोफ्यावरून इथल्या बोलीत म्हणाली, "आजोबा, चिल लाह. तुम्ही लिफ्टच्या नोटिसीलाही लेटर लिहिलं होतं."

"त्या नोटिसीत तारीख नव्हती," मी म्हणालो. ती नव्हतीच.

घरमालकाला पुन्हा पत्र न लिहिण्याचा सुमनला दिलेला शब्द मी त्या रात्रभर आठवत राहिलो आणि सकाळी मोडला. चार पाने, स्वच्छ अक्षरात, इंग्रजीत. भाडेकरूच्या शांततापूर्ण उपभोगाचा अधिकार, अन्नाची प्रतिष्ठा, आणि शेवटी हेही, की आपण दोघेही एकाच बुद्धाचे नाव घेतो, तेव्हा आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती. मिसेस लिम तीन इमारती पलीकडे राहतात. मी स्वतः जाऊन पत्र त्यांच्या पेटीत टाकले. येताना छत्री उघडायचे भान राहिले नाही. मी ओलाचिंब आणि अतिशय प्रसन्न होतो, आणि लिफ्टमधल्या आरशात स्वतःला पाहीपर्यंत मला वंदनाची आठवणही झाली नाही.

तिला सांगितले तेव्हा ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "दुसऱ्या शाळेजवळ घर शोधायला लागू का आजपासून?"

शनिवारी वंदनाने मुद्दाम पोटरी लावली. मी म्हणालो, "आज तरी नको." ती म्हणाली, "आता पत्रात लिहिलंच आहे ना तुम्ही, आमचा अधिकार म्हणून? मग आज वरणभात करून काय सांगू त्यांना?" ती माझीच मुलगी आहे हे मला अशा वेळी पटते. खिडकी मात्र तिने लावली होती.

मिसेस लिम आल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत माझे पत्र. त्यांनी ते टेबलावर ठेवले. समासांत लाल शाई होती.

"अंकल, फोर पेजेस, आह? आय रीड टू डेज," त्या म्हणाल्या. "यू थिंक आय अँग्री अबाउट बीफ?"

मी म्हणालो की निरोपाचा दुसरा अर्थ मला दिसत नाही.

"आय्यो, अंकल. लुक अप!"

त्यांनी छत्रीचे टोक छताकडे केले. शेगडीच्या बरोबर वर, ताटाएवढ्या घेरात, काळ्या-हिरव्या ठिपक्यांचा थर पसरला होता. बुरशी. इतके रविवार मी त्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि एकदाही मान वर केली नव्हती. मी लोकांचे चेहरे वाचत होतो.

"त्या दिवशी आले तेव्हा मला बुरशीचा वास आला," त्या त्यांच्या तुटक इंग्रजीत सांगू लागल्या. "आधी इथे काही नव्हतं. तीन तास वाफ, खिडकी बंद, पावसाचे दिवस. छत गळून पडेल, लाह! काय शिजवता ते तुमचं. खिडकी उघडा. एवढंच म्हणत होते मी." मग पदकाला बोट लावून म्हणाल्या, "मी खात नाही. माझा मुलगा लहानपणी आजारी होता तेव्हा नवस बोलले होते. पण नवऱ्याला बीफ नूडल्स लागतात दर रविवारी. मीच करते. ही डझ नॉट प्रे, लाह."

पण प्रश्न अजून संपला नव्हता. वंदना अत्यंत नम्रतेने त्यांना म्हणाली की छत आम्ही रंगवून देऊ, पण खिडकी उघडता येणार नाही. माझ्या आईची रीत आहे. वारा लागला की हे मांस कडक होते.

मिसेस लिमनी भुवया उंचावल्या. आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई होती ती. कणकेने लिंपलेल्या झाकणाकडे त्यांनी पाहिले, मग माझ्याकडे वळून, वर्गातल्या मुलाला विचारावे तसे विचारले, "अंकल. ट्रू ऑर नॉट?"

जन्मभर मी दुसऱ्यांना पिंजऱ्यात चढताना पाहिले. त्या शनिवारी, वाफेने भरलेल्या त्या चौकोनात, पुकारा माझ्या नावाचा झाला होता. झाकणाखाली रस्सा हलके खदखदत होता. वंदना माझ्याकडे पाहत होती, तिच्या चेहऱ्यावर खात्री होती. मी "ट्रू" म्हणालो असतो तर तिची आई जशीच्या तशी राहिली असती.

"नॉट," मी म्हणालो.

मग मराठीत, वंदनाला, सगळे सांगितले. पहिली खोली, आठ दिवस, दोन महिन्यांची ती. ओले पोते, लोबान, दाराशी मी, आणि वरणफळं. "वाऱ्याने काही होत नाही, बाळा. झाकण तर लिंपलेलं आहे. वारं लागणार कुठून? तुझ्या आईने तुझ्यासाठी ते रचलं होतं. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी होती."

तिने त्या लिंपलेल्या झाकणाकडे पाहिले. मला वाटले ती रडेल. तिच्या आवाजात संताप होता, आणि तो माझ्या ओळखीचा होता, कारण तो माझाच होता.

"जगाला पत्रं लिहिलीत, बाबा. कलेक्टरला, पेपरला, लिफ्टच्या नोटिसीला. मला एक ओळ सांगता आली नाही?"

बचावाचा मुद्दा नव्हता.

तिने खिटी काढली आणि काच पूर्ण सरकवली. पावसाचा गार झोत आत आला, गॅसची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा सरळ झाली. कोंडलेली वाफ एकदम कॉरिडॉरमध्ये गेली. मिसेस लिमना मराठीचा एक शब्द कळला नव्हता, तरी त्यांनी आपल्या खांद्यावरचा रुमाल काढून वंदनाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फर्स्ट वाइप फेस. देन वी टॉक काँट्रॅक्ट."

त्या जेवल्या नाहीत. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चाखून, ती तिखट आहे असा शेरा देऊन, करार वाढवल्याचे सांगून गेल्या. त्या गेल्यावर मी पत्र उघडले. पहिल्या पानावर लाल शाईत शेरा होता: फार लांब. तिसऱ्या पानावर, जिथे मी लिहिले होते की माणसाने आपल्या घरात काय शिजवावे हा त्याचा अधिकार आहे, तिथे समासात एकच शब्द: यस. शेवटी: हस्ताक्षर उत्तम. शासनाच्या, संस्थांच्या, संपादकांच्या कितीतरी उत्तरांच्या फायली मी बाळगून आहे. इतके प्रामाणिक उत्तर त्यांत एकही नाही.

संध्याकाळी वंदनाने कणीक फोडली. एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून चावला. "मऊच आहे," ती म्हणाली, जणू तक्रार करत होती. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. तिसऱ्या दिवशी, पाऊस चालूच असताना, चहाचा कप माझ्यापुढे ठेवून समोर बसली. "अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

त्या डिसेंबरचे नाव माझ्या मनात त्या प्रश्नावरून पडले. पाऊस जानेवारीपर्यंत टिकला आणि प्रत्येक रविवारी, भगुले मंद आचेवर असताना, मी सांगत गेलो. ती कांदा चिरता चिरता ऐकायची, मध्येच उलटतपासणी घ्यायची. मित्रा अभ्यासाची वही घेऊन ओट्याशी बसायची आणि अर्धे इंग्रजीत विचारायची, "सो आजी लाइक, स्पाय होती?" वंदना म्हणायची, "स्पाय नाही, बॉस." मला तेव्हा उमगले की सुमनची मोठी कमाल मी इतकी वर्षे चुकीच्या जागी शोधत होतो. भीतीने तिला कुकर नाकारला, खिडकी नाकारली, आच मोठी करणे नाकारले. उरले होते ते एवढेच: वेळ, थोडे पाणी आणि कणीक. त्यातून तिने अशी चव काढली की ज्याच्यावर काही बंधन नाही अशा स्वयंपाकघरातही आज दुसरी रीत सुचत नाही. भीती गेली. चव राहिली. माझ्या एकाही पत्राने हे साधले नसते.

आज पुन्हा तसाच पाऊस आहे. छत पांढरेशुभ्र आहे. ते मी स्वतः शिडीवर चढून रंगवले, मिसेस लिम खाली उभ्या राहून चुका दाखवत होत्या. पोटरीला साडेतीन तास झाले आहेत. वंदनाने आताच सुरीचे टोक कणकेखाली घातले आणि वळकटी टचकन तुटली. तिने पहिला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

"आता दारावर कोण बसतं?" मी म्हणालो. "मित्राला दे."

"खिडकीपाशी बसून खा," ती म्हणाली. "वाटा तुमचाच आहे."

मी स्टूल ओढून उघड्या खिडकीशी बसलो. पावसाचे शिंतोडे मनगटावर येत होते. कणीक बाहेरून कुरकुरीत, आत रस्स्याने जड. कॉरिडॉरमधून शेजारची बाई बाजाराच्या पिशव्या सावरत चालली होती. खिडकीपाशी ती थांबली, आणि तिने नाक वर करून हुंगले.

"वाह, अंकल! कुकिंग व्हॉट?"

वंदनाचा पळीवरचा हात थांबला.

"बीफ," मी मोठ्याने म्हणालो. "माय वाइफ्स रेसिपी."